आधी बोल्ट

ज्या संध्याकाळी मी बंदूक शिकायचं ठरवलं, त्या संध्याकाळी माझ्या हातात सासऱ्यांचा जेवणाचा डबा होता आणि सासऱ्यांच्या हातातली बंदूक माझ्यावर रोखलेली होती.

आमची केळीची बाग तापीच्या काठाला आहे. त्या वर्षी रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता. दिवस कलला की कळपाने यायची, खोडाखालचे गड्डे उकरायची आणि घड निसवायला आलेली झाडं आडवी करून जायची. सासऱ्यांकडे पीक राखण्यासाठीचा जुना परवाना होता, रायफल होती आणि रायफलीवर दुर्बीण बसवलेली होती. ते बांधावर खाट टाकून राखण करत बसायचे. मी पायवाटेने चालले होते. बघते तर बाबा खाटेवर बसलेत, दस्ता खांद्याला, डोळा दुर्बिणीला आणि नळी सरळ माझ्या छातीकडे. मी हात वर केला. नळी हलली नाही. मी ओरडून सांगितलं की मी आहे, डबा घेऊन आलेय. तेव्हा कुठे त्यांनी डोळा काढला आणि हसले.

"तूच होय. वळखाले तर पाहून राहिलो होतो."

मी विचारलं, भरलेली आहे का. तर म्हणाले, मग काय शोभेला घेऊन बसलोय. मी तिथेच बांधावर बसले. डबा बाजूला कलंडला, वरण सगळं मातीत गेलं, आणि ते मलाच म्हणतात, नीट बघून चालत जा.

मी धूलकोटची. माझ्या माहेरच्या माणसांच्या नाकावर राग असतो असं सासरी सगळे म्हणतात, आणि खोटं काही नाही त्यात. पण त्या दिवशी राग यायलाही वेळ लागला, आधी भीतीच संपेना. कारण तेव्हा मला कळलं की बाबांना दिसत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात काचबिंदू, आणि डॉक्टरने काय सांगितलं ते त्यांनी घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं. थोडं लांबचं असलं की त्यांना नुसता धूर दिसायचा. दुर्बिणीतून तेवढं जरा बरं दिसायचं. म्हणून मोटर चालू आहे का, बाया निंदून राहिल्या की गप्पा मारून राहिल्या, वाटेने कोण येतंय, सगळं ते बंदूक उचलून बघायचे. चष्म्यासारखी वापरत होते ते भरलेली रायफल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी भांडण काढलं. बंदूक ठाण्यात जमा करा म्हटलं. ते म्हणाले, जमा केली की गेली, मग डुकरं काय आरती ओवाळून परतवणार का. मग मुलाच्या नावावर करा म्हटलं. माझा नवरा कागद कारखान्यात शिफ्टला असतो, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो आणि सुट्टीला घरी येतो. दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी हा माणूस कानात बोटं घालून माजघरात जाऊन बसतो. त्याचं नाव काढल्यावर बाबाच काय, सासूबाईसुद्धा हसल्या.

"मग काय सून घेते का हातात?" बाबा म्हणाले.

ते टोमणा मारायला बोलले होते. मी मात्र तेच धरून बसले. कलेक्टर कचेरीत जाऊन विचारून आले. परवानेवाला म्हातारा झाला की परवाना वारसाच्या नावावर होऊ शकतो, वारसात सूनही धरतात, फक्त रीतसर शिकल्याचा दाखला हवा. घरी येऊन सांगितलं तर बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी अट घातली. नेमबाजीच्या मैदानात, चांदमारीवर, विहीर आणि गोठा यांच्यामध्ये असतं तेवढ्या अंतरावरून, पाच गोळ्या कागदावर आखलेल्या एका बशीत बसवायच्या. बसल्या तर बंदूक माझी. नाही बसल्या तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही आणि ते मरेपर्यंत राखण करतील. ते मरेपर्यंत की दुसरं कुणी मरेपर्यंत, हे माझ्या ओठावर आलं होतं. कधी नव्हे ते गिळलं.

चांदमारीवर शिकवणारे उस्ताद जवळच्याच लालबागला राहायचे. फौजेतून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, आवाज कधी न चढवणारे. परवाना बाबांच्या नावावर, म्हणून बाबांना बरोबर यावंच लागायचं. ते लिंबाखाली खुर्ची टाकून पाठ करून बसायचे. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी ठो ठो करून घरी येईन. कसलं काय. उस्तादांनी काडतूस दाखवलंसुद्धा नाही. नुसता बोल्ट, नळीचं मागचं तोंड उघडणारा दांडा. रायफल उचलायची, तोंड मातीच्या ढिगाकडे, बोट घोड्याच्या बाहेर, बोल्ट मागे ओढायचा, आत डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून बघायचं, मग समोरच्याच्या हातात द्यायची. समोरच्याने घेतली की त्यानेही पुन्हा तेच करायचं. आत्ता आपल्यासमोर बघितलेली असली तरीही.

मी कंटाळले. उन्हाने डोकं भणभणत होतं. मी म्हटलं, उस्ताद, आत्ताच तर तुम्ही बघितली, आत्ताच मी बघितली, मधल्यामध्ये काय काडतुसाला पाय फुटले? ते चिडले नाहीत.

"बाई, बंदूक कधीच रिकामी नसते. आपण आत बघतो ना, तेवढ्या वेळापुरती रिकामी. नजर हटली की परत भरलेली समजायची."

मला ते तेव्हा फौजेतल्या माणसाचं वेड वाटलं. पण हाताला सवय लागली. घरी लाटणं उचलतानासुद्धा माझी तर्जनी सरळ राहायला लागली आणि सासूबाई म्हणाल्या, बोटाला काय झालंय गं.

मग गोळीची पाळी आली. दुर्बिणीपासून डोळा चार बोटं मागे ठेवायचा हे मला शंभरदा सांगितलं होतं, आणि मी उतावळी, जास्त स्पष्ट दिसावं म्हणून डोळा पुढे नेला. गोळी सुटली, रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड भुवईवर बसली. रक्त डोळ्यात. लिंबाखालून बाबांचा आवाज आला, झालं का शिक्षण? मला इतका राग आला की त्या रागात मी अजून तीन गोळ्या मारल्या आणि तिन्ही मातीत गेल्या. उस्तादांनी रायफल काढून घेतली, बोल्ट उघडून बघितलं आणि म्हणाले की रागात असलेल्या माणसाला ते पुढे शिकवत नाहीत, आज घरी जा. कपाळाला पट्टी बांधून बाबांबरोबर एसटीसारखी खडखडणारी रिक्षा धरली.

भुवई भरली पण मनातली भीती जाईना. घोडा दाबायच्या आधीच माझा खांदा आखडायचा, डोळा मिटायचा. उस्तादांनी एकदा मला न सांगता रिकामी रायफल हातात दिली आणि त्या दिवशी तपासायची नाही म्हणून बजावलं. बोल्टला हात लावायला मिळाला नाही तर मला चुकल्यासारखं झालं. घोडा दाबला. नुसतं 'कट' वाजलं आणि माझी नळी चक्क खाली गचकली. गोळी नव्हती तरी मी दचकले होते. मला लाज वाटली, हसूही आलं. त्यानंतर त्यांनी श्वास शिकवला. घ्यायचा, अर्धा सोडायचा, तिथे थांबायचं, दुर्बिणीतली फुली निशाण्यावर हलत राहिली तरी घाई करायची नाही, घोडा लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबायचा. गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळायला नको.

हे जमायला लागलं तेव्हा एक भलतीच गोष्ट उघड झाली. माझ्या गोळ्या एकमेकींच्या जवळ बसत होत्या, पण सगळ्या वीतभर डावीकडे. मला वाटलं माझंच चुकतंय. उस्तादांनी स्वतः मारून बघितली, त्यांचीही डावीकडे. दुर्बीण कधीतरी खाटेवरून पडून सरकली होती. म्हणजे बाबा गेले कित्येक महिने ज्यावर नेम धरत होते, गोळी तिथे जातच नव्हती. आधी दिसत नाही, आणि जे दिसतं तिथे गोळी नाही. उस्तादांनी दुर्बिणीवरच्या दोन चकत्या थोड्या थोड्या फिरवून, परत परत मारून ती सरळ केली. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, दुर्बीण ठीकच होती, आता या माणसाने बिघडवली.

आणि संध्याकाळी ते पुन्हा बांधावर बसायचे. उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे मी घरातली सगळी काडतुसं गोळा करून सासूबाईंच्या कपाटात ठेवली होती. बंदूक एकीकडे, काडतुसं दुसरीकडे, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. घरात त्यांच्याइतकं भरवशाचं माणूस दुसरं नाही म्हणून. पण बाबा राखणीला निघाले की मागायचेच, आणि नवऱ्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. मी मात्र दिवस मावळायच्या आत बागेतला एकेक माणूस बाहेर काढायचे, फाटकाशी उभी राहून तोंडं मोजायचे. बाया हसायच्या, म्हणायच्या वहिनी शाळा सुटल्यासारखं करते.

एका संध्याकाळी तोंडं मोजून झाली नव्हती आणि गोळीचा आवाज आला. मी वहाणा टाकून पळाले. केळीची पानं तोंडावर सपासप लागत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, कोण राहिलं, कोण राहिलं. बाबा खाटेपाशी उभे होते. समोर ठिबकच्या फिल्टरच्या टाकीतून पाण्याची धार उडत होती. त्यांना ते डुक्कर वाटलं होतं. टाकीपाशी कुणाच्या तरी हातपाय धुतल्याच्या ओल्या खुणा होत्या आणि साबणाची वडी अजून फेसाळलेली. हातपाय धुणारी बाई नुकतीच दुसऱ्या वाटेने घरी गेली होती, हे मागाहून कळलं.

"टाकीच तर गेली," बाबा म्हणाले.

मी तिथे रडले. रागाने रडले, लाज सोडून, हुंदके देत. ते टाकीपाशी गेले आणि भोकावर तळहात दाबून उभे राहिले. घाबरले होते ते. कबूल मात्र करणार नव्हते, कारण कबूल केलं तर संध्याकाळी बांधावर बसायचं सुटलं असतं, आणि त्याशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांचं वाईट वाटलं. पण वाईट वाटून गोळी थांबत नाही.

परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनी उस्तादांसाठी डबा दिला. हे त्यांचं नेहमीचंच. उस्तादांच्या घरून एकदा मावा जलेबी आली होती, तो डबा परत जाताना शेव भरून गेला, मग तिकडून लोणचं आलं, ते भांडं गूळ-शेंगदाणे भरून गेलं. आमच्या घरातून दुसऱ्याच्या हाती रिकामं भांडं जाणार नाही, यावर त्या अगदी हट्टी. शेजारणीची वाटी परत करायची आणि घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतील. मी गडबडीत डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

त्या दिवशी बाबांनी खुर्ची लिंबाखालून काढून माझ्या मागे आणून ठेवली. मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मी जमिनीवर पालथी झोपले. पहिली गोळी चांगली गेली, ते मला आतूनच कळलं. दुसरी, तिसरीही. चौथीच्या वेळी वारा आला, मी थांबले, श्वास परत घेतला. मागून बाबा पुटपुटले की एवढ्या वेळात डुक्कर जळगावला पोचलं असतं. पाचवी मारताना माझा खांदा जरासा आखडलाच.

उस्ताद कागद घेऊन आले. चार गोळ्या बशीच्या आत, पाचवी बशीच्या रेघेवर. खोटं बोलून मला पास करता आलं असतं, पण उस्तादांनी होतं तसंच सांगितलं, चार आत, एक काठावर. मी म्हटलं, संपलं. बाबांनी कागद मांडीवर घेतला. डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. मग त्यांनी नजर समोर ठेवली आणि बोटाने भोकं चाचपायला लागले. एकेक भोक, सावकाश. काठावरच्या भोकावर बोट बराच वेळ थांबलं.

"काठ बी बशीचाच असतो," ते म्हणाले. "दसऱ्याले देतो."

त्या रात्री मला शांत झोप लागली. वाटलं, जिंकले. परवान्याचे कागद झाले, माझ्या नावाचा परवाना आला, दसरा उजाडला.

ओसरीत पाट मांडला होता. लाल कापडावर विळा, कुदळ, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची किल्ली आणि मधोमध रायफल. सकाळी मीच ती पाटावर ठेवली होती. ठेवण्याआधी बोल्ट उघडून बघितला, करंगळी घालून बघितली, बंद केला. मग पुऱ्या लाटायला आत गेले. पाहुणे आले, सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुर्बिणीच्या काचेला कुंकू लागलं होतं, ते मी पदराने पुसायचं मनात ठेवलं.

आमच्या घरची एक पद्धत आहे. पूजा झाली की कर्त्या माणसाने बंदूक उचलायची, अंगणाकडे रोखायची आणि एकदा घोडा दाबायचा. 'कट' असा आवाज झाला की शस्त्र जागं झालं म्हणतात. बाबांच्या वडिलांपासून चालत आलेलं. या वर्षी आवाज करून बाबा ती माझ्या हातात देणार होते, आणि ते बघायला भाऊबंद जमले होते.

मी आरतीचं ताट घेऊन बाहेर आले तर बाबांनी रायफल उचललेली. तोंड अंगणाकडे, बोट आत घोड्यावर. सगळे कौतुकाने बघत होते. मला माहीत होतं की ती रिकामी आहे. मीच बघितली होती. पण त्यानंतर मी पुऱ्या लाटल्या होत्या, पाहुण्यांना पाणी दिलं होतं, आणि एवढा वेळ माझी नजर तिच्यावर नव्हती.

"बाबा, आधी बोल्ट," मी म्हटलं.

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी परत म्हटलं. त्यांचा चेहरा लाल झाला. सगळ्या भाऊबंदांसमोर, सणाच्या दिवशी, पूजेतलं शस्त्र हातात असताना सून मला शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. सकाळी तूच ठेवली ना पाटावर? मी म्हटलं, हो, मीच ठेवली, तरी. चुलत दीर हसला. कुणीतरी म्हणालं, अगं आता मुहूर्त जाईल. एवढं सगळं करून, आज बंदूक हातात यायच्या वेळी मीच माती करतेय असं वाटलं. ते रागाने बंदूक स्वतःकडेच ठेवतील आणि उद्या संध्याकाळी बांधावर जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी ताट मी खाली पाटापाशी ठेवलं, बाजूने गेले आणि नळी धरून वर आढ्याकडे केली. त्यांच्या हातातली वस्तू मी अशी कधीच धरली नव्हती.

"हात काढ."

"बोट बाहेर काढा, बाबा. मग काढते."

मग मला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं म्हणून त्यांनी बोट काढलं आणि बोल्ट खाडकन मागे ओढला. पितळेचं काडतूस उडून आरतीच्या ताटात पडलं, ताट वाजलं, आणि ते कुंकवात लोळून निरांजनापाशी थांबलं.

मी आधी ते काडतूस उचललं, निरांजनापासून लांब केलं. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी साधा.

"मीच ठेवलं गं. सुनेच्या हाती द्यायची, रिकामी कशी देऊ?"

आयुष्यभर त्यांनी बाबांना बोल्ट उघडताना, काडतूस सारताना बघितलं होतं. कमरेची किल्ली काढली, एक काडतूस घेतलं, हळदकुंकू वाहताना आत सारलं. वाटीत साखर घालावी तसं. घोडा दाबायची पद्धत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. आता ती आली, आणि त्या खांबाला धरून खाली बसल्या. मला त्यांच्यावर रागावताच येईना. किल्ली त्यांच्या कमरेला मीच बांधली होती.

बाबा मात्र अंगणाकडे तोंड करून उभे होते. उघडा बोल्ट तसाच हातात.

"फाटकात कोण होतं का?" त्यांनी विचारलं.

मी तिकडे बघितलं, आणि मलाही तो तेव्हाच दिसला. शिफ्ट संपवून आलेला, मोटरसायकल लावून, हातात आपट्याची पानं घेऊन. आतला वाद ऐकून फाटकातच थांबलेला. ऊन त्याच्या अंगावर होतं. ओसरीतल्या प्रत्येकाला तो आता दिसत होता, आणि बाबा सरळ त्याच्याकडेच बघत होते.

"आहे ना, बाबा," मी म्हटलं. "तुमचा मुलगा उभा आहे."

त्यांनी फाटकाकडे बघतच रायफल माझ्या हातात दिली, बोल्ट उघडा ठेवून. मी आत बघितलं. करंगळी घालून परत बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही.